रेप्लिकाला काय दिसते?

सकाळी ८.१५

पुण्यातल्या एका शिक्षण संस्थेची डिरेक्टरी मी सांभाळते. विद्यार्थी, प्राध्यापक, कार्यालयातले कर्मचारी, अभ्यागत व्याख्याते, असा जो कोणी संस्थेच्या संगणकावर बसतो, वाय-फाय वापरतो किंवा ग्रंथालयाचे पोर्टल उघडतो, त्याची एक नोंद या डिरेक्टरीत असते. तीत नाव, वर्ग, विभाग, ईमेल आणि पासवर्डचा हॅश असतो. मुख्य सर्व्हर पुण्यात आहे, शहराबाहेरच्या शाखेत त्याची रेप्लिका, म्हणजे जोडप्रत, आहे. दोन्हीकडे ओपन-एलडॅप हे डिरेक्टरीचे सॉफ्टवेअर चालते. मुख्य सर्व्हरवर झालेला बदल काही क्षणांत रेप्लिकावर उतरतो आणि शाखेतली यंत्रे जवळच्या रेप्लिकालाच विचारतात.

आज मंगळवार. कार्यालयात पाऊल ठेवते तोच हेल्पडेस्कवरच्या मुलाचा फोन आला.

“मॅडम, शाखेत सेकंड इयरची पोरं लॉगिन होत नाहीयेत. पासवर्ड चुकीचा दाखवतंय. काही जणांचे रीसेट करून दिले, तरी तेच.”

“तीच खाती इथे पुण्यात चालतायत का?”

“हो, इथे लगेच उघडतायत.”

“मग रीसेट थांबव. कोणाचाही पासवर्ड आता बदलू नकोस. प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक आणि तक्रारीची वेळ तेवढी लिहून ठेव.”

अकरा वाजता शाखेतल्या प्रयोगशाळेत द्वितीय वर्षाची अंतर्गत ऑनलाइन परीक्षा आहे. हातात पावणेतीन तास आहेत.

८.४०

रेप्लिकाचा लॉग उघडला. अडलेल्या प्रत्येक लॉगिनपुढे एकच उत्तर आहे: ४९. एलडॅपमध्ये या क्रमांकाचा अर्थ ‘ओळख पटली नाही’. ओपन-एलडॅप हे उत्तर मुद्दाम मोघम ठेवते. पासवर्ड चुकला तरी ४९, नोंदीत पासवर्डच नसला तरी ४९ आणि त्या नावाची नोंदच अस्तित्वात नसली तरी ४९. कोणती नावे खरी आहेत हे बाहेरून चाचपणाऱ्याला कळू नये, यासाठी ही काळजी घेतलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याला या एका आकड्याआड तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात हे आधी मनाशी धरावे लागते.

तक्रारींची यादी पाहिली. बहुतेक द्वितीय वर्षाचे विद्यार्थी आहेत, पण सगळे नाहीत. ग्रंथालयातल्या एक ताई आहेत. दोन अभ्यागत व्याख्याते आहेत. प्रथम वर्षाचा एक मुलगा आहे, त्याने शनिवारी स्वतःहून पासवर्ड बदलला होता. तृतीय वर्षाचे कोणीच नाही. सर्व्हर आजारी असता तर सगळेच अडले असते. इथे निवडक माणसे अडली आहेत, म्हणजे बिघाड नोंदींत आहे.

९.००

शाखेतल्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्या काकांचा फोन. “मॅडम, सर्व्हर एकदा बंद करून चालू करू का? मुलं यायला लागलीत.”

“नको काका, पाच मिनिटं थांबा. त्याला हात लावायच्या आधी मला त्याची प्रत घ्यायचीय.”

रीस्टार्ट हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो. रेप्लिकेशनच्या बिघाडात मात्र तो घातक ठरू शकतो. रेप्लिका पुन्हा जोडली जाते तेव्हा मधल्या काळात काही बदल झालेले असतील, तर मुख्य सर्व्हर तिला सांगतो की अमुक नोंदी बदलल्या आणि तमुक नोंदी जशाच्या तशा आहेत. या दोन्ही याद्यांत जिचे नाव आले नाही, ती नोंद काढून टाकली गेली असे रेप्लिका समजते आणि आपल्याकडूनही पुसते. मुख्य सर्व्हर काही नोंदी तिला दाखवत नसेल, तर एका रीस्टार्टमध्ये आज शाबूत असलेल्या नोंदीही जातील. बिघाडाचा पुरावा त्याबरोबर जाईल तो वेगळाच.

म्हणून आधी स्लॅपकॅट चालवून रेप्लिकाचा पूर्ण मजकूर एका फाइलीत उतरवून घेतला. या फाइलीत सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असतात, त्यामुळे ती माझ्याखेरीज कोणाला वाचता येणार नाही अशा परवानगीनेच तयार केली. त्यानंतर काकांना सांगितले, “आता डिरेक्टरीची सेवा बंद करा. चालू करू नका, बंदच ठेवा.”

शाखेतल्या प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये दोन सर्व्हर दिलेले आहेत, पहिली रेप्लिका आणि दुसरा मुख्य सर्व्हर. लिनक्स यंत्रांवर लॉगिन तपासणारे एसएसएसडी आणि वाय-फायसाठी तेच काम करणारे फ्री-रेडियस दोन्ही पहिल्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही की दुसऱ्याकडे वळतात. पण तो सर्व्हर जिवंत राहून चुकीचे उत्तर देत असेल तर ते वळत नाहीत, त्याचे उत्तर खरे मानतात. बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचे उत्तर देणारा सर्व्हर जास्त नुकसान करतो, आणि म्हणून बिघाड नोंदींत आहे असे दिसताच ती रेप्लिका सेवेतून बाहेर काढणे हे पहिले कर्तव्य आहे.

सव्वानऊपर्यंत शाखेतली यंत्रे पुण्याच्या सर्व्हरला विचारू लागली. काकांचा पुन्हा फोन, “मॅडम, झालं लॉगिन. पोरं बसली.” परीक्षेची काळजी मिटली. आता कारण शोधायचे.

९.४५

रेप्लिकेशन नीट चालले आहे की नाही हे पाहण्याची प्रचलित तपासणी म्हणजे दोन्हीकडचा कॉन्टेक्स्ट-सीएसएन ताडून बघणे. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाला एक क्रमांक देतो. त्यात मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ, एक गणती आणि कोणत्या सर्व्हरने बदल केला त्याचा आकडा असतो. आलेल्यांपैकी शेवटचा क्रमांक रेप्लिका जपून ठेवते. दोन्हीकडचा क्रमांक एकच असेल तर रेप्लिका अद्ययावत आहे असे मानतात. आमचा देखरेखीचा फलकही यावरच हिरवा दिवा दाखवतो.

मघा काढलेल्या फाइलीत रेप्लिकाचा शेवटचा क्रमांक आहे आणि त्याच मिनिटाला मुख्य सर्व्हरवर असलेला क्रमांकही मी टिपून ठेवला होता. दोन्ही तंतोतंत जुळतात.

हेल्पडेस्कवरचा मुलगा शेजारी येऊन बसला होता. त्याला हे काम शिकायचे आहे. तो म्हणाला, “मग रेप्लिकेशन तर ओके आहे ना मॅडम?”

मी म्हटले, “फळ्यावरचं वहीत उतरवून घेणाऱ्या मुलासमोर कोणी उभं राहिलं, तर त्याला दिसतं तेवढंच तो लिहितो. त्याच्या वहीतली शेवटची ओळ आणि फळ्यावरची शेवटची ओळ एकच असते. मधल्या कुठल्या ओळी त्याला दिसल्याच नाहीत, हे शेवटची ओळ सांगत नाही.”

आजच्या सगळ्या कामाचा गाभा हा आहे. रेप्लिका मुख्य सर्व्हरच्या डेटाबेसची फाइल उचलून नेत नाही. ती एका खात्याने लॉगिन करते, शोध घेते आणि त्या खात्याला जे वाचायची परवानगी आहे तेवढेच घेऊन जाते. जुळलेला क्रमांक एवढेच सांगतो की तिला जे सांगितले गेले ते सगळे तिने ऐकले. तिला सगळे सांगितले गेले का, हा प्रश्न त्या क्रमांकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

१०.३०

आता खरी तुलना. मुख्य सर्व्हरवरही स्लॅपकॅट चालवले. हे साधन डेटाबेस थेट वाचते, परवानग्यांच्या नियमांतून जात नाही, त्यामुळे जे साठलेले आहे तेच दाखवते. नेहमीच्या शोधाच्या कमांडने तुलना केली असती तर शोधणाऱ्या खात्याला जे दिसते त्याचीच तुलना झाली असती. दोन्ही फाइलींतल्या ओळी मध्येच मोडू न देता एन्ट्री-यूयूआयडीप्रमाणे लावल्या. नाव बदलते, नोंद डिरेक्टरीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाते, पण हा ओळखक्रमांक जन्मभर तोच राहतो.

फरक तीन प्रकारचे निघाले.

पहिला प्रकार सर्वांत मोठा. शेकडो नोंदी रेप्लिकावर आहेत, नाव, वर्ग, ईमेल सगळे जागच्या जागी आहे, फक्त पासवर्डचा गुणधर्म गेलेला आहे. यात द्वितीय वर्षाचे जवळजवळ सगळे विद्यार्थी आहेत, ग्रंथालयातल्या ताई आहेत आणि शनिवारी पासवर्ड बदलणारा तो मुलगाही आहे.

दुसरा प्रकार अभ्यागत व्याख्यात्यांचा. त्यांच्यापैकी काहींच्या नोंदी रेप्लिकावर नाहीतच.

तिसरा प्रकार विलक्षण होता. थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळालेल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी सोमवारी नवा विभाग उघडला होता. मुलांच्या नोंदी रेप्लिकावर आल्या आहेत, पण ज्या विभागाखाली त्या असायला हव्यात, त्याच्या जागी ‘ग्लू’ या ऑब्जेक्ट क्लासची एक पोकळ नोंद आहे. डिरेक्टरी झाडासारखी असते, फांदीशिवाय पान लटकू शकत नाही. मूल आले आणि पालक मिळालाच नाही, तर सर्व्हर स्वतः एक रिकामी नोंद तिथे टेकू म्हणून लावतो. तिला वर्णन नाही, मालक नाही आणि नेहमीच्या कामकाजात सर्व्हर तिला खरी नोंद धरत नाही.

आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी होती. पासवर्ड गेलेल्या नोंदींवरचा एन्ट्री-सीएसएन, म्हणजे त्या नोंदीच्या शेवटच्या बदलाचा क्रमांक, दोन्हीकडे सारखाच आहे. नोंदींची तुलना करणारी कित्येक साधने हाच क्रमांक बघतात. त्यांच्या दृष्टीने या नोंदी एकसारख्या आहेत. मजकूर मजकुराशी ताडला नसता तर हा फरक कधीच सापडला नसता.

मुलाने विचारले, “पण मॅडम, अशी अर्धवट नोंद स्कीमाने अडवली कशी नाही?”

“दोन कारणं. रेप्लिका आलेल्या नोंदी स्कीमाशी ताडत नाही, ते सेटिंग मुळात बंदच असतं. आणि चालू असतं तरी उपयोग नव्हता. ‘पर्सन’ या वर्गात नाव आणि आडनाव एवढंच सक्तीचं आहे, पासवर्ड ऐच्छिक आहे. नियमाने बघितलं तर ही नोंद शुद्ध आहे. फक्त त्या मुलाला लॉगिन करता येत नाही.”

११.००

परीक्षा वेळेवर सुरू झाली. परीक्षा विभागाच्या मॅडमना तसे कळवले आणि पुढच्या कामाला लागले.

११.३०

आता वेळेचा माग. डिरेक्टरीतल्या सगळ्या वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी साडेआठला केलेला बदल तिथे तीन वाजताचा दिसतो. हे विसरले तर फोनची नोंद आणि लॉग कधीच जुळत नाहीत. बिघडलेल्या प्रत्येक नोंदीचा शेवटचा बदल कधी झाला ते भारतीय वेळेत मांडले. शुक्रवारी संध्याकाळच्या आधीची एकही नोंद त्यात नाही. शुक्रवारच्या त्या घटकेनंतर बदललेली प्रत्येक नोंद बिघडलेली आहे आणि त्याआधी शेवटची बदललेली प्रत्येक नोंद शाबूत आहे. रेघ ओढावी इतकी स्वच्छ सीमा.

त्या घटकेला काय झाले? मुख्य सर्व्हरच्या सेटिंगचीही एक नोंद असते आणि ती कधी व कोणी बदलली हे तिच्यावरच लिहिलेले असते. शुक्रवारी संध्याकाळी परवानग्यांचे नियम बदललेले आहेत.

आता सगळे धागे जुळतात. ओपन-एलडॅपच्या साध्या रेप्लिकेशनमध्ये नोंदीतला एक शब्द बदलला तरी पूर्ण नोंद नव्याने पाठवली जाते, म्हणजे रेप्लिकाच्या खात्याला तिच्यातले जेवढे दिसते तेवढी. रेप्लिका ती आपल्या जुन्या नोंदीशी ताडते आणि नव्यात जे नाही ते जुन्यातून काढते. शुक्रवारनंतर त्या खात्याला पासवर्ड दिसेनासा झाला. त्यानंतर जिला हात लागला ती प्रत्येक नोंद पासवर्डविना गेली आणि रेप्लिकाने आपल्याकडचा चांगला पासवर्ड पुसला. सोमवारी संध्याकाळी कार्यालयाने द्वितीय वर्षाच्या सगळ्यांचे सत्र एकाच वेळी पुढे सरकवले, म्हणून मंगळवारी सकाळी अख्खा वर्ग अडला. तृतीय वर्षाचे काम आज व्हायचे होते, म्हणून ते वाचले. ज्यांनी काळजीपूर्वक पासवर्ड बदलला, त्यांचाच पासवर्ड गेला. आणि सकाळी मदत म्हणून केलेला प्रत्येक रीसेट म्हणजे त्या नोंदीतला आणखी एक बदल होता. तो कितीही वेळा केला असता तरी पासवर्ड शाखेपर्यंत पोचणार नव्हता.

१२.३०

नियम वाचायला घेतले. ओपन-एलडॅप परवानग्यांचे नियम वरून खाली वाचते. विचारलेल्या गोष्टीला लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबते. त्या नियमात तुमचे नाव नसेल तर शेवटी न लिहिलेले एक वाक्य गृहीत असते: बाकी कोणालाही काही नाही.

शुक्रवारपर्यंत शून्य क्रमांकाचा नियम असा होता की रेप्लिकाच्या खात्याला सगळे वाचू द्या आणि इतरांसाठी पुढचे नियम बघा. संस्थेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे काम हाती घेतले आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यापासून विद्यार्थ्यांची माहिती कोण पाहू शकतो, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत असतो, आणि तो असायलाच हवा. त्यासाठी नेमलेल्या बाहेरच्या सल्लागारांनी तीन चांगले नियम लिहिले. पासवर्डचा गुणधर्म मालकाखेरीज कोणी वाचू नये. डिरेक्टरीतली अभ्यागत व्याख्यात्यांची फांदी फक्त आस्थापना विभागाने पाहावी. प्रवेशाच्या विभागांची मूळ नोंद फक्त प्रवेश कक्षाच्या हाती असावी. हे नियम शून्यापासून पुढे घातले गेले, म्हणून रेप्लिकाचा नियम आपोआप खाली सरकला. पासवर्डचा प्रश्न आला की आता पहिल्याच नियमावर वाचन थांबते. रेप्लिकाचा नियम शाबूत आहे, पण तिथपर्यंत वाचन पोचतच नाही.

तीन नियम, तीन प्रकारचे बिघाड. पासवर्डच्या नियमाने पासवर्ड गेले. अभ्यागतांच्या नियमाने, ज्या व्याख्यात्यांच्या नोंदीत बदल झाला त्या रेप्लिकाच्या नजरेआड गेल्या आणि तिने त्या काढून टाकल्या. प्रवेशाच्या विभागाच्या नियमाने पालक नोंद अडकली, मुले पुढे गेली आणि मध्ये ग्लू आला.

सल्लागारांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांची चाचणीही झाली होती, पण मुख्य प्रशासक खात्याने. त्या खात्याला परवानग्यांचे नियम लागूच नसतात, त्यामुळे त्याला सगळे नेहमीसारखेच दिसले. मी म्हटले, “तुमचे तिन्ही नियम मला हवे आहेत. फक्त त्यांची जागा बदलायची आहे.”

१.४५

जेवताना मुलाने विचारले, “इतका जुना प्रोटोकॉल आहे मॅडम, मग ही अडचण अजून कशी?”

एलडॅपचा जन्म मिशिगन विद्यापीठातला. १९८८ चे एक्स.५०० हे डिरेक्टरीचे मानक फार अवजड होते, म्हणून टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी वाट काढली आणि १९९३ मध्ये ती आरएफसी १४८७ या इंटरनेट दस्तऐवजाच्या रूपात छापली गेली. तिसरी आवृत्ती १९९७ ची. शोध कसा घ्यावा, नोंद कशी बदलावी, ओळख कशी पटवावी, हे सगळे त्यात पक्के झाले. दोन गोष्टी मात्र मानकात कधी उतरल्या नाहीत. परवानग्यांच्या नियमांकडून काय अपेक्षित आहे ते २००० च्या आरएफसी २८२० मध्ये लिहिले गेले आणि रेप्लिकेशनकडून काय अपेक्षित आहे ते २००२ च्या आरएफसी ३३८४ मध्ये. अपेक्षा लिहिल्या गेल्या, पण सगळ्यांनी पाळावी अशी एक पद्धत ठरली नाही. ओपन-एलडॅपचे रेप्लिकेशन ज्या आरएफसी ४५३३ वर उभे आहे, ते २००६ मध्ये प्रायोगिक म्हणूनच प्रसिद्ध झाले.

परिणामी प्रत्येक सर्व्हरने आपापली वाट धरली. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, ज्याने एलडॅपच्या पोर्टचा आकडाच नाव म्हणून घेतला, तो परवानग्यांचे नियम नोंदींच्या आतच ठेवतो, म्हणून डेटाबरोबर नियमही रेप्लिकावर जातात. तिथे बदल मुख्य सर्व्हर स्वतः ढकलतो. ओपन-एलडॅपमध्ये रेप्लिका स्वतः येऊन वाचते आणि नियम प्रत्येक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेगळे राहतात. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे. पण परवानगी आणि रेप्लिकेशन ही दोन कामे जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा मानकाने मोकळी सोडलेली आहे. तिथे पहारा सर्व्हर चालवणाऱ्यानेच द्यायचा आहे.

२.३०

दुरुस्ती. रेप्लिकाचा नियम पुन्हा शून्य क्रमांकावर आणला. बाकी तिन्ही नियम त्याच्या खाली, एक शब्दही न बदलता.

एका सहकाऱ्याने सुचवले की रेप्लिकाला मुख्य प्रशासकाचेच खाते देऊन टाकावे, म्हणजे ही भानगड पुन्हा होणार नाही. मी ठाम नकार दिला. त्या खात्याचा पासवर्ड शाखेच्या यंत्रावर लिहून ठेवावा लागेल आणि ते यंत्र कोणाच्या हाती पडले तर सबंध संस्थेची डिरेक्टरी बदलण्याची किल्ली त्याच्या हाती जाईल. रेप्लिकाला सगळे वाचता आले पाहिजे, लिहिता काहीच येता कामा नये.

मग तपासणी, या वेळी रेप्लिकाच्या नजरेने. स्लॅप-एसीएल या साधनाला खात्याचे नाव, नोंद आणि गुणधर्म दिला की ते परवानगी आहे की नाही हे सांगते. द्वितीय वर्षाच्या एका मुलाचा पासवर्ड: वाचता येतो. अभ्यागतांची नोंद: दिसते. नव्या विभागाची मूळ नोंद: दिसते. शेवटी त्याच खात्याने सबंध झाडाचा शोध घेतला आणि नोंदींची संख्या स्लॅपकॅटच्या संख्येशी ताडली. शोध ५०० वर थांबला नाही हेही पाहिले. ओपन-एलडॅपची मूळ मर्यादा ५०० नोंदींची असते. रेप्लिकाच्या खात्याला ती मर्यादा उठवून दिलेली नसेल तर अपुऱ्या डेटाचे ते आणखी एक कारण ठरते.

३.३०

नियम सुधारला, पण रेप्लिका चालू केली असती तरी ती सुधारली नसती. परवानगीचा नियम बदलल्याने डेटाचा क्रमांक पुढे जात नाही, त्यामुळे जुन्या नोंदी नव्याने मागाव्यात असे तिला वाटायला कारणच नाही. सगळे पुन्हा पाठवायला भाग पाडले, तरी ज्या नोंदीचा एन्ट्री-सीएसएन आपल्याकडच्यासारखाच आहे, ती आधीच आलेली आहे असे समजून रेप्लिका तिला हात लावत नाही. बिघडलेल्या डेटावर नवा थर देऊन भागत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

म्हणून शाखेतला जुना डेटाबेस बाजूच्या फोल्डरमध्ये हलवला, खोडला नाही. मुख्य सर्व्हरवरून ताजी स्लॅपकॅट फाइल सुरक्षित मार्गाने तिकडे नेली. काका आणि मी फोनवर एकेक पायरी बोलून करत होतो. सेवा बंद आहे याची खात्री केली आणि मग स्लॅपॲडने फाइल भरली. फाइलीत मुख्य सर्व्हरचा शेवटचा क्रमांकही असतो, त्यामुळे रेप्लिका तिथूनच पुढे ऐकायला लागते.

“काका, आता फोल्डरमधल्या फाइली कोणाच्या नावावर आहेत ते बघा.”

“रूटच्या आहेत मॅडम.”

परवानगी इथे दुसऱ्या रूपात समोर येते. स्लॅपॲड रूट म्हणून चालवले की डेटाबेसच्या फाइलींची मालकी रूटकडे जाते. सेवा मात्र ओपनएलडॅप या साध्या खात्याने चालते आणि तिला त्या फाइली उघडता येत नाहीत. मालकी बदलून दिली, मग सेवा सुरू केली. लॉगमध्ये रेप्लिका मुख्य सर्व्हरशी जोडली गेल्याची नोंद आली.

५.००

यंत्रांना परत रेप्लिकाकडे वळू देण्याआधी पूर्ण तुलना पुन्हा केली, मजकूर मजकुराशी. फरक शून्य. ग्लूची एकही नोंद उरली नाही. मग एक चाचणी खाते घेऊन मुख्य सर्व्हरवर त्याचा पासवर्ड बदलला आणि थेट रेप्लिकाला विचारून लॉगिन केले. झाले. ग्रंथालयातल्या ताईंना फोन केला. त्यांनी स्वतःच्या खात्याने पोर्टल उघडले आणि म्हणाल्या, “उघडलं हो, सकाळपासून दुसऱ्याच्या खात्यावरून पुस्तकं देत होते.” दुसऱ्याच्या खात्यावर काम करावे लागणे हेही नुकसानच आहे. त्या नोंदी कोणाच्या नावावर बसल्या हे उद्या ग्रंथालयाबरोबर दुरुस्त करायचे आहे.

तुलनेसाठी काढलेल्या फाइलींपैकी सकाळची एक कुलूपबंद जागी ठेवली, बाकी पुसल्या. ज्यात प्रत्येकाच्या पासवर्डचा हॅश आहे अशी फाइल काम संपल्यावर क्षणभरही इकडेतिकडे राहू नये.

६.००

दिवसाचा अहवाल लिहिला. त्यात कोणाला बोल लावलेला नाही, कारण त्याने पुढचा बिघाड टळत नाही. पुढचा बिघाड टळतो तो पद्धत बदलल्याने. तीन गोष्टी आजपासून ठरल्या.

पहिली, परवानगीचा कोणताही नियम बदलताना मुख्य प्रशासक खात्याने केलेली चाचणी चाचणी म्हणून धरायची नाही. रेप्लिकाचे खाते, एक विद्यार्थी, एक प्राध्यापक, एक कारकून आणि निनावी विचारणारा, अशा प्रत्येकाच्या नजरेने स्लॅप-एसीएल चालवून त्याचा निकाल बदलाच्या अर्जाला जोडायचा.

दुसरी, प्रत्येक विभागात एक चाचणी खाते असेल. रोज पहाटे त्या प्रत्येकाच्या नोंदीत मुख्य सर्व्हरवर एक छोटा बदल होईल आणि थोड्या वेळाने प्रत्येक रेप्लिकावर त्याच खात्याने लॉगिन करून पाहिले जाईल. नोंद बदलल्यावरही माणूस आत येऊ शकतो का, हा प्रश्न क्रमांक विचारत नाही. हे खाते विचारेल.

तिसरी, देखरेखीच्या फलकावर क्रमांक जुळल्याचा हिरवा दिवा राहील, पण त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे दिसतील: दोन्हीकडच्या एकूण नोंदी आणि पासवर्ड असलेल्या नोंदी. कोणाचाही पासवर्ड न वाचता, फक्त तो आहे की नाही एवढे मोजून ही तपासणी होते.

हेल्पडेस्कच्या मुलाने पहिला मसुदा वाचला आणि विचारले, “मॅडम, माहिती जितकी झाकाल तितकी सुरक्षित, असंच शिकलो होतो. आज झाकल्यामुळेच बिघडलं ना?”

त्याला जे सांगितले ते अहवालाच्या शेवटीही लिहिले. झाकणे बरोबरच होते. विद्यार्थ्याचा पासवर्ड आणि व्याख्यात्याचा पत्ता झाकलाच पाहिजे, आणि त्या तीन नियमांपैकी एकही आम्ही मागे घेतलेला नाही. पण परवानगीचा नियम लिहिताना दोन याद्या कराव्या लागतात, कोणाला दिसू नये याची आणि कोणाला दिसलेच पाहिजे याची. शुक्रवारी पहिली यादी नीट झाली आणि दुसरी राहून गेली. नियमांच्या फाइलीच्या माथ्यावर आता ही दुसरी यादी लिहून ठेवली आहे. तिच्यातले पहिले नाव रेप्लिकाच्या खात्याचे आहे, आणि ते शून्य क्रमांकावर का आहे हेही त्याच्याखाली लिहिले आहे, म्हणजे उद्या माझ्या जागी बसणाऱ्याला ते कारण नव्याने शोधावे लागणार नाही.